महालातलं शिलाई बाइंडिंग: आजीचं पवित्र शास्त्र, संत बीड आणि वर्गाची टिपणं

पुस्तक उघडलं की पानं हातात येत असतील, किंवा स्वतः लिहिलेलं काही पक्कं बांधून ठेवायचं असेल, तर नागपूरच्या महाल भागात जा. बडकस चौकाच्या आसपासच्या एका गल्लीत तळमजल्यावर एका खोलीचं दुकान आहे. पाटी नाही. "बाइंडिंगवाले काकाजी" एवढं विचारलं की कुणीही बोट दाखवतं. काकाजी शिलाई करतात, त्यांचा मुलगा कटिंग मशीन आणि हिशेब बघतो. मी त्यांच्याकडे तीन वेगवेगळी कामं दिली होती. तिन्ही आता घरी आली आहेत, हाताळून झाली आहेत, म्हणून सविस्तर लिहिते.

सदरच्या आमच्या चर्चमध्ये रविवारी उपासनेनंतर मी तरुणांचा वर्ग घेते. सध्याचा विषय आहे ५ व्या ते ९ व्या शतकातले मिशनरी संत. आमच्या मुलांना प्रेषितांची नावं पाठ असतात, आणि नागपूरचे मिशनरी म्हणून स्टीफन हिस्लॉप माहीत असतात. मधली अठराशे वर्षं कोरी. पॅट्रिक, कोलंबा, एडन, बोनिफास, लिओबा ही माणसं कोण होती, कशासाठी घर सोडून गेली, हे मराठीत सांगणारं हाताशी काही नव्हतं. म्हणून मी टिपणं काढत गेले आणि त्यांचं सुमारे २०० पानांचं पुस्तक झालं. ते वर्गातल्या प्रत्येकाच्या हातात द्यायचं होतं.

पहिल्या खेपेला ती टिपणं घराजवळच्या एका झेरॉक्स सेंटरमध्ये गोंदाने चिकटवून घेतली होती. दिसायला छान, गुळगुळीत कव्हर. पण मे महिन्यात नागपुरात काय होतं ते सांगायला नको. पाठीचा गोंद वाळून तडकला, आणि मुलं पुस्तक उघडं ठेवून वाचायला लागली की कोलंबाची पानं एकीकडे, ऑगस्टीनची दुसरीकडे. ज्या माणसांनी आयुष्यभर पुस्तकं वाहून नेली, त्यांच्याबद्दलचं पुस्तक एक उन्हाळा टिकू नये याचं मला फार वाईट वाटलं. तेव्हा कुणीतरी महालातलं दुकान सुचवलं.

काकाजींनी टिपणं हातात घेऊन पहिला प्रश्न विचारला, "छापून आणली का छापायची आहे?" मग मुलाने समजावलं. सुटी पानं आणली तर दुमडीतून शिवता येत नाहीत, बहुतेक चिकटवावीच लागतात. शिवायचं असेल तर छपाईच फर्म्याने करून आणायची. ए-४ कागदावर दोन-दोन पानं, चार कागद एकात एक घालून मधोमध दुमडले की १६ पानांचा एक फर्मा. पानांचा क्रम कसा लावायचा ते त्याने कोऱ्या कागदावर आकडे टाकून, दुमडून, माझ्या हातात दिलं. तो नमुना घेऊन मी डीटीपीवाल्याकडे गेले आणि काम बिनचूक झालं. एवढं समजावून सांगायला त्याने वेळ दिला, आणि तेही काम मिळेलच याची खात्री नसताना.

घरी येऊन मी तो दुमडलेला नमुना बराच वेळ बघत होते. हजार-बाराशे वर्षांपूर्वीच्या मठांतही सर्वसाधारण रीत हीच होती. चार चर्मपत्रं मधोमध दुमडायची, आठ पत्रं म्हणजे १६ पानं, आणि असे फर्मे एकमेकांना शिवत जायचं.

शिलाई मी तिथेच स्टुलावर बसून पाहिली, आणि तीच या दुकानाची खरी ओळख. काकाजी फर्मा शिकंजात पकडून पाठीवर बारीक करवतीने खुणा करतात. दोरा मेणाच्या गोळ्यावरून ओढून घेतात, त्यामुळे तो कागद कापत नाही. दाभण आतून बाहेर, बाहेरून आत, आणि फर्म्याच्या टोकाला आलं की खालच्या फर्म्याच्या टाक्यात दोरा अडकवून गाठ. प्रत्येक फर्म्यानंतर बांबूच्या पट्टीने पाठ दाबतात. त्यांचा उजवा अंगठा दोऱ्याने घट्टा पडून पिवळा झालेला आहे. पाठीला लावायची खळ ते घरीच शिजवतात, मैद्याची, आणि कसर लागू नये म्हणून तीत चिमूटभर मोरचूद टाकतात. मी फेविकॉलचं विचारलं तर म्हणाले, "तेही लावतो वरून. पण काकू, पुस्तक उद्या पुन्हा उसवायचं झालं तर खळ पाण्याने सुटते. फेविकॉल कागद घेऊन निघते." आपण बांधलेलं पुस्तक पन्नास वर्षांनी दुसरा कोणी उसवेल, हा विचार करून काम करणारा माणूस आहे हा.

तेव्हाच मी त्यांना मोबाइलवर संत कथबर्टच्या शुभवर्तमानाचा फोटो दाखवला. कथबर्ट हे उत्तर इंग्लंडातल्या लिंडिसफार्न बेटावरच्या मठाचे, ६८७ साली वारले. पुढे व्हायकिंगांच्या धाडी सुरू झाल्या, ७९३ साली मठ लुटला गेला, आणि ८७५ साली मठवासी कथबर्टची शवपेटी खांद्यावर घेऊन बाहेर पडले. पेटी फिरत फिरत डरहॅमला पोचली. तिथे ११०४ साली ती उघडली तेव्हा आत योहानकृत शुभवर्तमानाची एक छोटी प्रत मिळाली, हाताच्या पंजाएवढी, साधारण १४ सेंटिमीटर उंच. ८ व्या शतकातली. तांबड्या बकरीच्या चामड्याचं वेष्टन, वर वेलीची उठावाची नक्षी, आणि शिलाई अजून मूळचीच. मूळ बांधणी शाबूत असलेलं युरोपातलं हे सर्वांत जुनं पुस्तक. ब्रिटिश लायब्ररीने २०१२ साली ते ९० लाख पौंडांना विकत घेतलं.

काकाजींनी किंमत ऐकून मान हलवली, पण त्यांचं लक्ष पाठीवर होतं. फोटो मोठा करून पाहिला. "हा साखळी टाका आहे. पट्टी नाही, दोरी नाही. फर्म्यात फर्मा अडकवत नेला आहे." मी वाचलं होतं तेही हेच. इजिप्तमधल्या कॉप्टिक ख्रिस्ती लोकांच्या पुस्तकांत हा टाका आढळतो, आणि तोच इंग्लंडच्या टोकाला, थंड समुद्राकाठच्या मठात सापडतो. ज्ञान कुठून कुठे प्रवास करत गेलं, हे त्या टाक्यात दिसतं. मला ते समजायला पुस्तकं लागली, काकाजींना एक फोटो पुरला.

आता दुसरं काम. संत बीडच्या इतिहासाची इंग्रजी आवृत्ती मी सेकंडहँड घेतली होती, पेपरबॅक, पाठ पूर्ण गेलेली. बीड हे उत्तर इंग्लंडातल्या जॅरोच्या मठातले विद्वान. लहानपणीच मठात आले आणि जन्मभर तिथेच राहिले. इंग्रज लोकांच्या चर्चचा इतिहास त्यांनी ७३१ साली पूर्ण केला आणि ७३५ साली ते वारले. माझ्या वर्गाची अर्धी शिदोरी या एका पुस्तकातून येते. पोप ग्रेगरीने पाठवलेला ऑगस्टीन ५९७ साली इंग्लंडात केंटला उतरला, ते यात आहे. त्याच ग्रेगरीने ६०१ साली पत्र लिहून सांगितलं की इंग्रज लोकांची जुनी देवळं पाडू नका, मूर्ती काढा आणि वास्तू तशीच वापरा, तेही यात. आणि एडन. स्कॉटलंडच्या आयोना बेटाहून ६३५ साली लिंडिसफार्नला आलेला हा बिशप पायी हिंडायचा. एका राजाने दिलेला उत्तम घोडा त्याने वाटेत भेटलेल्या भिकाऱ्याला साजासकट देऊन टाकला. त्याला इंग्रजी नीट येत नसे, तेव्हा तो उपदेश करायचा आणि राजा ऑस्वाल्ड स्वतः उभा राहून सरदारांना भाषांतर करून सांगायचा. ईस्टरच्या तारखेवरून एडनचं बीडला अजिबात पटत नव्हतं आणि तो ते स्पष्ट लिहितो. तरीही त्याच्या इतकं प्रेमाने त्याने फार थोड्यांबद्दल लिहिलं आहे. मतभेद असलेल्या माणसाविषयी कसं लिहावं, हे मी मुलांना या पानांवरून शिकवते.

या पुस्तकाला मात्र काकाजींनी शिलाईला नकार दिला, आणि मला ते आवडलं. पानं सुटी, आतला समास जेमतेम. आडवा टाका मारला तर ओळींची सुरुवातीची अक्षरं शिलाईत जातील. त्यांनी पाठीवर करवतीने तिरप्या खाचा पाडल्या, खाचांत दोरा भरून चिकटवला, वर मलमलीची पट्टी आणि कापडी पाठ. पुस्तक सपाट उघडत नाही, धरून वाचावं लागतं, पण पान एकही हलत नाही. ३५० रुपये घेतले. सपाट उघडणारं पुस्तकच हवं असेल तर आधी शिवलेली आवृत्तीच विकत घ्या, असं त्यांनी स्वतःहून सांगितलं.

समासाचा विषय निघालाच आहे तर बोनिफासचं सांगते. हा मूळचा इंग्लंडचा विन्फ्रिथ, जर्मन मुलखात गेला आणि तिथला सर्वांत मोठा मिशनरी ठरला. गाइस्मारचा, लोक पवित्र मानत तो ओक वृक्ष तोडला, त्याच्या लाकडाचं प्रार्थनामंदिर बांधलं, ही गोष्ट सगळ्यांना माहीत असते. मला त्याची पत्रं जास्त जवळची वाटतात. पत्रांमागून पत्रांत तो मायदेशी पुस्तकं मागतो. एडबर्गा या मठाध्यक्षेला लिहितो की पेत्राची पत्रं सोन्याच्या अक्षरांत लिहून पाठव, म्हणजे इथल्या लोकांच्या डोळ्यांत शास्त्राबद्दल आदर उमटेल. विंचेस्टरच्या म्हाताऱ्या बिशप डॅनियलला लिहितो की गुरू विन्बर्ट यांची संदेष्ट्यांच्या ग्रंथांची प्रत पाठवा, तिची अक्षरं मोठी आणि सुटी आहेत, आता माझी नजर मंदावली, बारीक जोडून लिहिलेलं वाचवत नाही. मोतीबिंदूच्या ऑपरेशनआधी मी हे पत्र वाचलं तेव्हा हात थांबला होता. म्हणून आमची टिपणं मोठ्या टाइपात आहेत, समास सढळ आहे. वर्गात दोन आज्याही बसतात.

७५४ च्या ५ जूनला आजच्या नेदरलँड्समधल्या फ्रीसलंडमध्ये डोक्कमजवळ बोनिफासला सोबत्यांसह मारलं. मारेकऱ्यांना वाटलं पेट्यांत सोनं असेल. फोडल्या तर पुस्तकं. त्यांनी ती रानात, दलदलीतल्या बोरूंमध्ये फेकून दिली आणि नंतर ती शोधून गोळा केली गेली, असं विलिबाल्डने लिहिलेल्या चरित्रात आहे. जर्मनीतल्या फुल्डा शहरात आजही एक ग्रंथ आहे, त्यावर खोल वार दिसतात. बोनिफासने शेवटच्या क्षणी तोच डोक्यावर धरला होता, अशी परंपरा सांगते.

मुलींना सगळ्यात आवडते ती लिओबा. बोनिफासची नातलग, त्याच्या बोलावण्यावरून इंग्लंडहून जर्मनीत आलेली, पुढे बिशोफ्सहाइमच्या मठाची प्रमुख. ती झोपली असताना उशाशी कुणीतरी शास्त्र वाचायचं, आणि वाचणाऱ्या मुलीने शब्द गाळला तर लिओबा झोपेतून चूक सांगायची. बिशपही तिच्याशी मसलत करायला येत. चर्चच्या इतिहासात बायका कुठे होत्या, असं वर्गात विचारलं गेलं होतं. तिथून हे प्रकरण वाढत वाढत पुस्तकातलं सगळ्यात मोठं झालं.

टिपणांच्या प्रतींबद्दल एक तक्रार आहे. एका प्रतीत एक फर्मा उलटा शिवला गेला. नेमकी पूर्वेकडच्या चर्चची पानं, म्हणजे ६३५ साली चीनच्या राजधानीत ग्रंथ घेऊन पोचलेला अलोपेन, तिथल्या ख्रिस्ती लोकांची हकिकत सांगणारा ७८१ चा शियानचा शिलालेख, आणि ६ व्या शतकात कॉस्मस या व्यापारी प्रवाशाने कॅलियाना इथे पारसदेशाहून नेमलेला बिशप असल्याची केलेली नोंद. कॅलियाना म्हणजे आपलं कल्याण, असं बऱ्याच अभ्यासकांचं मत आहे. ख्रिस्ती धर्म इंग्रजांनी आणला असं ज्यांना वाटतं, त्यांच्यासाठी ही पानं मी मुद्दाम घातली होती. प्रत परत नेली तर मुलाने काही न बोलता उसवून, पुन्हा शिवून दिली, पैसे घेतले नाहीत. खळीचं बाइंडिंग असल्यामुळे कागदाला ओरखडाही नाही. तरी घेताना प्रत्येक प्रत चाळून घ्या.

दुसरी तक्रार सोनेरी अक्षरांची. कव्हरवरचं छापण्याचं काम ते बाहेर देतात, आणि देवनागरीचे साचे अगदी मोजके. 'बोनिफास' नीट आलं, 'लिंडिसफार्न'मधला रफार सरकून भलत्या अक्षरावर बसला. जोडाक्षरांचं नाव असेल तर सोनेरीचा हट्ट धरू नका, छापील लेबल चिकटवून घ्या.

पानं लावता लावता मुलगा वाचतही होता. फ्रँक लोकांचा राजा शार्लमेन याच्या प्रकरणावर थांबला. जिंकलेल्या सॅक्सन लोकांना बाप्तिस्मा नाकारल्यास देहदंडाचा कायदा, ७८२ साली व्हर्डेनला एका दिवसात ४,५०० कैद्यांची कत्तल झाल्याची फ्रँकिश बखरीतली नोंद. "काकू, हे तुमच्याच लोकांबद्दल लिहून राहिल्या तुम्ही?" त्याने विचारलं. हो, म्हटलं, आमच्याच. त्याच दरबारातला विद्वान अल्क्विन राजाच्या माणसांना पत्रं लिहून सांगत होता की श्रद्धा मनाने येते, ती लादता येत नाही, आणि नव्या लोकांवर दशांशाचा बोजा टाकू नका. दोन्ही पानं समोरासमोर ठेवली आहेत. एडनचा घोडा सांगायचा आणि व्हर्डेन गाळायचं, असा इतिहास मला माझ्या मुलांना द्यायचा नाही. त्याने ती पानं पुन्हा वाचली आणि फर्मा लावला.

तिसरं काम सगळ्यात नाजूक होतं. आजीचं मराठी पवित्र शास्त्र. पाठ तुटलेली, उत्पत्तीची पहिली पानं मळून मऊ झालेली, आणि समासात सगळीकडे आजीची पेन्सिलीची नोंद: कुठल्या रविवारी कोणतं वचन, कोणाचं लग्न, कोणाचा ताप उतरला. मुलाने सवयीने कटिंगला घेतलं. तिन्ही कडा कापून गुळगुळीत केल्या की पुस्तक नवं दिसतं. काकाजींनी शिलाईवरून मान वर न करता "नको कापू" एवढंच म्हटलं, आणि मला बोलावून एक पान दाखवलं. स्तोत्रसंहितेचं १२१ वं स्तोत्र. आजीची ओळ अगदी कडेपर्यंत गेली होती. तीन मिलिमीटर कापलं असतं तर माझ्या वडिलांच्या जन्माची तारीख गेली असती.

त्यांनी जुनी शिलाई सोडवली, फाटलेल्या दुमडींना पातळ कागदाची पट्टी खळीने लावली, फर्मे पुन्हा जुन्याच भोकांतून शिवले. कडा जशा होत्या तशा. अस्तराला साधा पांढरा कागद, पुठ्ठ्यावर गडद निळं कापड. मी रेक्झिन म्हटलं होतं, पण रेक्झिन सोलवटतं, कापड घ्या, असं त्यांनी पटवलं. आता ते टेबलावर कुठेही उघडा, सपाट राहतं. ९०० रुपये. मी याहून जास्तही आनंदाने दिले असते.

दर आणि व्यवहार: टिपणांची शिवलेली प्रत, पुठ्ठा आणि कापडी पाठीसह, २२० रुपये पडली. संख्या जास्त होती म्हणून. एखादीच प्रत असेल तर अधिक लागतील. निम्मी रक्कम आधी. यूपीआय चालतं. पावती म्हणजे कागदाचा चिटोरा, तो सांभाळा, नाहीतर शोधाशोध होते. सांगितलेल्या दिवसाच्या पुढे काम जातंच, तेव्हा लग्नाच्या किंवा नाताळच्या तोंडावर भरवसा ठेवू नका. रविवारी बंद. गल्लीत गाडी लावायला जागा नाही. चिटणीस पार्ककडे लावून चालत जा. पावसाळ्यात खळ वाळायला वेळ लागतो आणि दाबाखाली पुस्तक जास्त दिवस ठेवावं लागतं, म्हणून जुनं पुस्तक शक्यतो हिवाळ्यात द्या. छापून नेणार असाल तर पानांची एकूण संख्या १६ च्या पटीत बसवा, शिलाईच्या बाजूला निदान पाऊण इंच समास सोडा, आणि कडा कापायच्या की नाहीत हे चिटोऱ्यावर लिहून घ्या.